दुसरी बाटली

सोमवार, ९ ऑगस्ट २००४. सकाळचे दहा पन्नास. राजनंदिनी गावंडे सूक्ष्मदर्शकावर वाकून, दोन बारीक चिमट्यांनी, एका पडलेल्या गर्भाचे दोन भाग करत होती.

काचेच्या बशीत सलाइन होतं आणि त्यात ऑपरेशन थिएटरमधून नुकताच आलेला नमुना. गर्भ नवव्या आठवड्यात पडला, की त्यात बाळ असं काही दिसत नाही. रक्ताच्या गाठी असतात, आईच्या गर्भाशयाचं अस्तर असतं आणि त्या पसाऱ्यात कुठे तरी वारेचे तंतू असतात. पाण्यात सोडले की हे तंतू शेवाळासारखे फांद्या पसरून तरंगतात. बाळाच्या पेशी म्हणायच्या त्या एवढ्याच. अस्तराचे तुकडे आईचे. ते गुळगुळीत, पापुद्र्यासारखे असतात. नवशिक्याला दोन्ही सारखंच वाटतं. राजनंदिनी चौदा वर्षं हे काम करत होती आणि झोपेतसुद्धा तिचा घोटाळा झाला नसता.

तिच्यासमोर दोन बाटल्या होत्या. एकेक तंतू उचलून, पाण्यात हलवून, त्याला चिकटलेलं अस्तर खरवडून तो ती पहिल्या बाटलीत टाकत होती. खरवडलेलं अस्तर दुसऱ्या बाटलीत जात होतं.

"म्याडम, दोनीत सेमच टाकायचं हाय ना?" हिरानं विचारलं. हिरा प्रयोगशाळेची मदतनीस. मांजरीहून यायची, काचसामान धुवायची, आणि दिसलेलं बोलून टाकायची.

"वजन सेम भरायचं आहे. करारात तेवढंच लिहिलंय."

"मंग हिच्यात नुसतं मांसच दिसतंय की."

"हिरा, तुझ्या डब्यात आज काय आहे?"

"अनारसे. अधिक महिना चाललाय न्हवं."

"मग ते खा."

राजनंदिनीनं दोन्ही बाटल्यांतला माल काट्यावर तोलला. वजन जुळलं. पहिल्या बाटलीवर तिनं रुग्णालयाची चिठ्ठी लावली, दुसरीवर डॉ. श्रीधर लवाट्यांच्या कंपनीची. दोन्हींवर एकच क्रमांक, एकोणीस. दुपारी कंपनीचा माणूस बर्फाची पेटी घेऊन आला, तेव्हा तिनं दुसरी बाटली स्वतःच्या हातानं पेटीत ठेवली आणि सही घेतली.

ही बाटली भरायला तिला नऊ वर्षं थांबावं लागलं होतं.

*

गावंड्यांच्या घरात विसरण्याची पद्धत नव्हती. राजनंदिनीचे वडील हिंमतराव दर्यापुरात शाळामास्तर होते. सख्ख्या भावानं सामाईक भिंतीलगतचं बोरीचं झाड न विचारता तोडलं, म्हणून ते त्याच्याशी बावीस वर्षं बोलले नाहीत. भिंत एकच होती, त्यामुळे भावाचा खोकला रोज ऐकू यायचा. भाऊ वारल्यावर ते खांदा द्यायला गेले आणि परत येऊन म्हणाले, "आता त्याच्याकडे काही बाकी नाही."

मुलगी त्यांच्यावर गेली होती. येरवड्याला राहायला आली त्या वर्षी एका वाण्यानं तिला तूरडाळ कमी तोलून दिली. ती काही बोलली नाही. तेव्हापासून ती रोज त्याच दुकानावरून जाऊन दोन गल्ल्या पलीकडून डाळ आणायची, आणि येताना पिशवी वाण्याला दिसेल अशा हातात धरायची. वाण्याला आपला गुन्हा आठवत असेल असं नाही. तिला त्यानं फरक पडत नव्हता.

१९९० साली अमरावतीहून एम.एस्सी. करून ती पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत लवाट्यांच्या हाताखाली पीएच.डी.ला आली. लवाटे तेव्हा पन्नाशीच्या आत होते. सदाशिव पेठेत तीन पिढ्या, परदेशात चार वर्षं, आणि बोलणं असं, की ज्याला लागायचं त्याला घरी पोचल्यावर कळावं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "राजनंदिनी म्हणजे राजाची मुलगी. दर्यापूरला राजा कोण आहे सध्या?"

"शाळामास्तर आहेत सर."

"वा. लोकशाही पोचली म्हणायची तिकडे."

तरीही पहिली चार वर्षं तिचं त्यांच्याशी बरं चाललं. माणूस हुशार होता आणि ती मेहनती होती. ज्यांचे गर्भ वारंवार पडतात अशा बायकांवर त्यांचं काम होतं. पडलेल्या गर्भाच्या पेशी वाढवायच्या, गुणसूत्रं मोजायची, आणि दोष बाळात होता की आणखी कशात, ते शोधायचं. अडचण एकच होती. लवाट्यांना घाई असायची. आलेला नमुना धुऊन, बारीक चिरून, सगळाच्या सगळा वाढवायला लावायचा, ही त्यांची पद्धत. तंतू वेगळे काढू या, असं तिनं एकदा सुचवलं, तर ते म्हणाले, "निवडत काय बसायचं? आपण तांदूळ निवडतोय का?"

पण आईच्या पेशी हट्टी असतात. बाळाच्या पेशींबरोबर त्या बाटलीत गेल्या, की पुष्कळदा त्याच फोफावतात आणि बाळाच्या पेशींना मागे टाकतात. मग मोजणाऱ्याला दिसतात छत्तीस-सदतीस वर्षांच्या धडधाकट बाईची गुणसूत्रं. बाईची असल्यामुळे ती दिसतात स्त्रीची. अहवाल निघतो: गर्भ निर्दोष, मुलगी.

१९९५ च्या मार्चमध्ये लवाट्यांचा मोठा निबंध तयार होत आला, तेव्हा राजनंदिनीनं निर्दोष ठरलेले सगळे गर्भ पुन्हा मोजले. मुलगे नऊ होते. मुली सत्तेचाळीस. संस्थेत दर बुधवारी दुपारी सगळे चहाला जमायचे आणि आपापलं काम मांडायचे. त्या बुधवारी ती उभी राहिली.

"सर, मुलगे नऊच आहेत. निम्मे तरी असायला हवेत. यातल्या बऱ्याच मुली नाहीतच. त्या आया आहेत."

लवाट्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे आया पडल्या आणि मुली रिक्षानं घरी गेल्या?"

अख्खी खोली हसली. हसणाऱ्यांत तिचा सहाध्यायी दिगंबर होता. त्यानं नंतर येऊन माफी मागितली. ती तिनं ऐकून घेतली आणि पुढच्या कामासाठी बाजूला ठेवली.

लवाटे मूर्ख नव्हते. ती बरोबर आहे, हे त्यांना त्याच संध्याकाळी कळलं असणार, कारण पुढच्या बुधवारी त्यांनी स्वतःच विषय काढला. काही नमुन्यांत आईच्या पेशी मिसळल्याची शंका आहे, ते म्हणाले. ते नमुने गावंडेबाईंनी हाताळलेले आहेत. हात अजून बसलेला नाही. तिचं टेबल काढून घेण्यात आलं. मार्गदर्शक म्हणून त्यांनी सही द्यायचं थांबवलं आणि वर्षभरात तिची नोंदणी आपोआप रद्द झाली. निबंध मात्र सगळ्या नमुन्यांसकट छापून आला, तिचं नाव वगळून. एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत त्यावर अर्धं पान आलं: मुलींचे गर्भ मुलांपेक्षा नाजूक. कितीएक सासवांनी ते कापून ठेवलं असेल, कुणास ठाऊक.

दर्यापूरहून हिंमतराव दर रविवारी एसटीडी बूथवरून फोन करायचे. "झालं का वं तुहं डाक्टरकीचं?"

"होईन बाबा."

त्यांनी वाट पाहायचं सोडून आधीच पत्रांवर 'डॉ. राजनंदिनी हिंमतराव गावंडे' लिहायला सुरुवात केली होती. नोंदणी गेल्याचं तिनं कळवलं नाही. १९९९ साली ते वारले, तोवर पत्रं त्याच नावानं येत राहिली आणि येरवड्याचा पोस्टमन तिला एकदा तापाची गोळी विचारायला आला.

नारायण पेठेतल्या या ट्रस्टच्या रुग्णालयात तिला काम मिळालं ते तंत्रज्ञ म्हणून. दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, एक सूक्ष्मदर्शक, एक उबवणपेटी. आठ वर्षांत तिनं तो जनुकशास्त्र विभाग उभा केला. पुण्यातले स्त्रीरोगतज्ज्ञ अवघड नमुना असला की तिच्याकडेच पाठवायचे. डॉक्टर मंडळी तिला मॅडम म्हणत. डॉक्टर कुणी म्हणत नसे, कारण ती नव्हती.

*

२००४ च्या जूनमध्ये ट्रस्टच्या लोकांनी ठरवलं, की ही खोली बंद करून नमुने बाहेर पाठवावेत. शहरात तेव्हा सगळंच बाहेर जात होतं. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांचे हिशेब हिंजवडीत होत होते, तर गुणसूत्रं नारायण पेठेतच का मोजायची, असा एका विश्वस्ताचा सवाल होता. काम घ्यायला एक नवी कंपनी पुढे आली होती. सॉफ्टवेअरमधल्या पैशावर उभी राहिलेली, बाणेरच्या बाजूला चकचकीत इमारत. मालक केदार लवाटे, वय एकतीस. मुख्य शास्त्रज्ञ त्याचे वडील, डॉ. श्रीधर लवाटे, संस्थेतून सन्मानानं निवृत्त.

दोघं जागा बघायला आले. लवाट्यांनी तिला दारातच ओळखलं.

"अरे वा, राजनंदिनीबाई. इथं असता होय? बरं झालं. ओळखीचं माणूस असलं की काम सोपं होतं."

"हो सर," ती म्हणाली. "सोपं होईल."

केदार भिंतीवरच्या जुन्या घड्याळाकडे बघत होता. "मॅडम, आमची सिस्टीम फुल्ली ऑटोमेटेड आहे. रिपोर्ट साइन झाला की पेशंटला डायरेक्ट मेल. तुमच्याकडे किती दिवस लागतात, बारा? आम्ही सातमध्ये देतो."

"सात दिवसांत गर्भ वाढतो तुमच्याकडे?"

"प्रोसेस ऑप्टिमाइझ केलीय."

"छान," राजनंदिनी म्हणाली. सात दिवसांत काय वाढतं, ते तिला माहीत होतं.

निर्णय तिघांच्या समितीकडे होता, आणि समितीत ऐकलं जायचं ते डॉ. सुनीती ओगल्यांचं. त्या स्त्रीरोग विभागाच्या प्रमुख, साठीच्या, शब्द काटकसरीनं वापरणाऱ्या. त्यांनी महिनाभराची चाचणी ठरवली. प्रत्येक नमुन्याचे सारख्या वजनाचे दोन भाग करायचे, एक इथं, एक लवाट्यांकडे. उत्तरं जुळली तर ३१ ऑगस्टपासून खोली बंद. करारात राजनंदिनीनं एकच कलम घालायला लावलं: मोजणी झाल्यावर उरलेल्या पेशी रुग्णालयाला परत करायच्या. लवाट्यांनी ते वाचून मान हलवली. पेशी परत मागण्यात त्यांना तंत्रज्ञाचा चिक्कूपणा दिसला असावा.

बाकीचे सगळे नमुने तिनं चोख पाठवले. रक्ताचे, गर्भजलाचे, अगदी नीट भरून, वेळेवर. त्यांची उत्तरं जुळत गेली आणि तिला ती जुळायलाच हवी होती. चूक एकच घडायची होती, आणि ती लवाट्यांची हक्काची चूक होती. त्यासाठी नवव्या-दहाव्या आठवड्यात पडलेला, अस्तरानं भरलेला एक गर्भ पुरेसा होता. एकोणीस क्रमांकाचा तसा आला.

*

तो स्पृहाचा होता. स्पृहा खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची, वय अठ्ठावीस, गर्भ पडायची ही तिसरी खेप. पहिल्याच दिवशी तिचं आणि नवऱ्याचं रक्तही काढून ठेवलं होतं, कारण तीनदा असं झालं की जोडप्याची गुणसूत्रं तपासायचीच असतात.

लवाट्यांचा अहवाल आठव्या दिवशी आला. निर्दोष. लिंग कायद्यानं कुणीच लिहीत नाही, पण मोजणीच्या कागदावर ते दिसतंच. स्त्री. मागोमाग उरलेल्या पेशींची कुपीही आली, करारानुसार. ती उघडून पाहताना राजनंदिनीच्या चेहऱ्यावर काय होतं, ते हिरानं पाहिलं.

"म्याडम, लॉटरी लागली का काय?"

"लागेल."

तिच्या स्वतःच्या बाटलीतले तंतू सावकाश वाढले. चौविसाव्या तारखेला, मंगळवारी सकाळी, तिनं मोजणी संपवली. सोळावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन. असा गर्भ टिकत नाही, टिकू शकत नाही. तो आईच्या धावपळीनं पडत नाही, रात्रपाळीनं पडत नाही, पपई खाल्ल्यानं पडत नाही. बीज तयार होतानाच्या निव्वळ योगायोगानं तसा होतो. आणि सोळाच्या त्या तिकडीबरोबर एक वाय गुणसूत्र होतं. मुलगा.

त्याच दुपारी ती रिक्षानं एका सरकारी प्रयोगशाळेत गेली. तिथं दिगंबर आता मोठ्या हुद्द्यावर होता. तिनं त्याच्यासमोर तीन कुप्या ठेवल्या: स्पृहाचं रक्त, लवाट्यांकडून परत आलेल्या पेशी, आपल्या पेशी.

"कुणाच्या कुणाशी जुळतात ते सांग. शनिवारपर्यंत."

"नंदिनी, आमच्याकडे दोन महिन्यांची रांग आहे."

"बुधवार आठवतो तुला? तू कुठल्या खुर्चीवर बसून हसलास, तेही मी सांगू शकते."

दिगंबरनं कुप्या उचलल्या. "शुक्रवारी देतो."

गुरुवारी स्पृहा आली. हातात छापून आणलेला ई-मेल होता. कंपनीच्या मुलीनं चिठ्ठीवरच्या नंबरावर फोन करून तिच्याकडून पत्ता घेतला होता आणि यंत्रणेनं अहवाल परस्पर पाठवून दिला होता. हे राजनंदिनीच्या हिशेबात नव्हतं.

"मॅडम, नॉर्मल आहे लिहिलंय," स्पृहा म्हणाली. "बेबी नॉर्मल होतं. म्हणजे प्रॉब्लेम माझ्यातच आहे ना?"

राजनंदिनीनं कागद घेऊन वाचला. खरं उत्तर तिच्या खणात दोन दिवसांपासून होतं. ते आत्ता सांगितलं, तर बाई उद्या ई-मेलच्या नंबरावर फोन करून भांडली असती, लवाटे सावध झाले असते, सोमवारच्या आत 'नमुन्याबाबत शंका' असं काही तरी लिहून मोकळे झाले असते. ते त्यांना चांगलं जमायचं.

"आमचा रिपोर्ट वेगळा असतो," ती म्हणाली. "सोमवारी मिळेल. तोपर्यंत हा धरून चालू नका."

"पण हा चुकीचा आहे का?"

"सोमवारी सांगते."

"सासूबाई म्हणतात, रात्री अकरापर्यंत कॉल असतात, त्यानंच होतं. नवराही आता तेच म्हणायला लागलाय. तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं ते मी लिहीत नाही. सोमवारी दुपारी चारला या."

स्पृहा गेली. हिरा बाटल्या पुसता पुसता थांबली. "सांगायचं हुतं, म्याडम. लेकरू लई कोमेजलंय."

"पुसून झाल्या का बाटल्या?"

*

समिती सोमवारी साडेअकराला बसली. लवाटे पांढऱ्या शर्टात होते, केदारनं लॅपटॉप आणला होता. डॉ. ओगल्यांनी समोरचा तक्ता बोटानं खाली खाली वाचत नेला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"नमुना एकोणीस. एक म्हणतो निर्दोष, स्त्री. दुसरी म्हणते सोळाव्याचा दोष, पुरुष. गर्भ एकच होता. मला कुणी तरी समजावून सांगा, माझं गणित कच्चं आहे."

"सोपं आहे," लवाटे म्हणाले. आवाजात खेद होता, व्यवस्थित मोजून घातलेला. "इथं नमुने आपसांत मिसळले असणार. राजनंदिनीबाईंच्या हातून पूर्वीही असं झालेलं आहे. मला हा विषय काढायचा नव्हता."

ती याच वाक्यासाठी थांबली होती. तिनं दिगंबरचा कागद डॉ. ओगल्यांपुढे सरकवला.

"डीएनएची जुळणी आहे, सरकारी प्रयोगशाळेची. सरांकडून परत आलेल्या पेशी त्या बाईच्या स्वतःच्या आहेत. आईच्या. बाळाची त्यात एक पेशी नाही. आमच्या पेशींत निम्मं आईचं आहे आणि निम्मं नाही, जसं बाळात असायला हवं. सरांनी एका जिवंत बाईची गुणसूत्रं मोजली आणि तिचं बाळ निर्दोष होतं, असं तिलाच कळवलं."

लवाट्यांनी कागद घेतला. ते वाचत असताना ती त्यांच्या कानांकडे बघत होती. कान आधी लाल झाले.

"मग नमुनाच खराब असणार," ते म्हणाले. "बाटलीत तंतूच नसतील."

"असेल तसं. मग 'नमुना अयोग्य' एवढे दोन शब्द कळवायचे होते, सर. कुठलीही प्रयोगशाळा कळवते. त्यासाठी फक्त बाटली उघडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं."

केदारनं लॅपटॉपवरून मान वर केली. "बाबा, स्कोपखाली बघितलं नव्हतं का?"

"केदार, नंतर बोलू."

"नाही, पण बघितलं होतं का? प्रोसेसमध्ये ती स्टेप आहे. मी स्वतः टाकलीय."

लवाट्यांनी हातातला कागद टेबलावर उलटा ठेवला. राजनंदिनीनं आजवर हा प्रसंग मनात बांधताना समोर नेहमी शास्त्रज्ञ बसवले होते, बुधवारची ती सगळी खोली. त्यात मुलगा कधीच नव्हता. तो असा समोर बसून बापाला विचारेल, हे तिला सुचलंही नसतं. ते तिला आवडलं. ती त्याला म्हणाली, "तुमच्या वडिलांना निवडणं आवडत नाही. तांदूळ निवडल्यासारखं वाटतं त्यांना. १९९५ च्या त्यांच्या निबंधात निर्दोष मुलगे किती आहेत, मोजून बघा. नऊ आहेत."

"राजनंदिनी, तो आजचा विषय नाही," डॉ. ओगले म्हणाल्या. मग तक्ता मिटून त्यांनी निर्णय सांगितला. खोली चालू राहील. ट्रस्टच्या दुसऱ्या रुग्णालयाचे नमुनेही उद्यापासून इथंच येतील. "आणि पेशंटला परस्पर मेल पाठवल्याबद्दल मला लेखी उत्तर हवंय, केदार. मराठीत चालेल, इंग्रजीत चालेल, ऑप्टिमाइझ केलेलं चालणार नाही."

जिन्याजवळ लवाट्यांनी तिला गाठलं. केदार पुढे निघून गेला होता.

"बाटली मुद्दाम भरलीत तुम्ही."

"हो."

"अशी बाटली मी माझ्या शत्रूसाठी भरली नसती."

"तुम्ही उघडून पाहिली असती, तर मला परत पाठवली असती. मग मी हरले असते, सर. तुमचा अहवाल येईपर्यंत मला तीच भीती होती. मग आठवायचं, तुम्ही नाही बघणार."

ते कठड्याला धरून उभे राहिले. या दहा मिनिटांत त्यांचं वय झालं होतं. "त्या निबंधाचं काय हवंय तुम्हाला? तो आता कुणी वाचत नाही."

"मी वाचते. नियतकालिकाला पत्र टाकलंय आज सकाळी, रजिस्टर्ड ए.डी. तुमचीच आकडेवारी आहे, माझं काहीच नाही."

"त्यानं तुम्हाला पीएच.डी. मिळणार नाही."

"नाही मिळणार," ती म्हणाली. "तुमचा निबंध मात्र सगळे पुन्हा वाचतील."

*

स्पृहा चारला आली. राजनंदिनीनं तिला बसवून सगळं सांगितलं, सावकाश, कागदावर चित्र काढून. सोळाव्याच्या तीन प्रती. योगायोग. कामाचा, कॉलचा, खाण्याचा संबंध नाही. नवरा-बायकोच्या रक्तात दोष नाही. पुढच्या खेपेला मूल होण्याची शक्यता चांगली आहे.

स्पृहानं चित्र नीट पाहिलं. तपासणं हेच तिचं काम होतं.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"मागच्या मंगळवारी."

"मी गुरुवारी आले होते."

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला. चुकीचा आहे का, म्हणून."

"विचारलं होतं."

"मग?"

"समितीची बैठक आज होती," राजनंदिनी म्हणाली. याहून बरं उत्तर तिच्याकडे होतं. दुसऱ्या प्रयोगशाळेची जुळणी यायची होती, असं सांगता आलं असतं. तिनं ते वापरलं नाही.

स्पृहानं कागदाची घडी घातली. "शुक्रवारी मी रिझाइन केलं. घरी तीन तास बोलणं झालं आणि मी केलं. नॉर्मल होतं ना बेबी. मग माझ्याशिवाय उरलं कोण?"

"राजीनामा मागे घेता येतो. मी पत्र देते, कंपनीला दाखवा."

"काय दाखवू? मॅनेजरला सोळावं गुणसूत्र समजावून सांगू? माझ्या जागी सकाळीच माणूस दिलाय." ती उठली. "तुमचं काय काम होतं ते झालं का?"

"झालं."

"मग ठीक आहे," स्पृहा म्हणाली, आणि दार हळूच लावून गेली.

राजनंदिनी खुर्चीवर बसून राहिली. गुरुवारी एक वाक्य बोलली असती तर या मुलीची नोकरी राहिली असती आणि खोली बहुधा गेली असती. हे तिनं दोन्ही बाजूंनी पाहिलं. गुरुवार पुन्हा आला असता तर आपण पुन्हा गप्पच बसलो असतो, हेही तिला दिसलं, आणि त्या दिसण्यापासून तिनं तोंड फिरवलं नाही. हिंमतराव भावाला खांदा देऊन परतले, तेव्हा त्यांच्या आवाजात एक समाधान होतं. ते तिला आता हवं होतं. ते निम्मंच आलं होतं. लवाट्यांकडची बाकी फिटली होती, आणि खराडीच्या एका मुलीकडे आता तिच्या नावावर बाकी निघाली होती. ती मुलगी विसरणाऱ्यांतली दिसत नव्हती.

हिरानं ओटा पुसला, उबवणपेटीचं तापमान पाहिलं, सदतीस, आणि चपला पायात घातल्या.

"म्याडम, उद्या कितीला येऊ?"

"साडेआठ."

शनिवारी सकाळी साडेनऊला उबवणपेटीत वाढायला लावलेली रक्ताच्या पेशींची तीन कल्चरं मंगळवारी साडेनऊला बहात्तर तासांची होतात. पेशींचं विभाजन थांबवणारं कोल्चिसीन त्यात पाऊण तास आधी, म्हणजे पावणेनऊला घालावं लागतं. दुसऱ्या रुग्णालयाची पेटी नऊपर्यंत येईल. प्रयोगशाळेची नमुने घ्यायची खिडकी उद्या साडेआठला उघडते.